वाचकांचे प्रश्न : जुन्या लाकडी टीव्हीवरील चिकटपट्टीचे डाग

प्रश्न : आमच्या घरी १९७०च्या दशकाच्या अखेरीस घेतलेला, सरकत्या शटरचा कृष्णधवल टीव्ही आहे. संच केव्हाच बंद पडला, परंतु लाकडी कॅबिनेट सुस्थितीत आहे. घर बदलताना शटर सरकू नये म्हणून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली होती, ती कित्येक वर्षे तशीच राहिली. आता वरचा पापुद्रा निघतो, पण पिवळट, चिवट डिंक राहतो. खोबरेल तेल चोळून पाहिले, फारसा उपयोग झाला नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरावा का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : रिमूव्हर कृपया वापरू नये. डिंक कशाने निघेल याआधी त्याखालचे पॉलिश कशाने निघून जाईल, हे पाहणे अगत्याचे आहे. त्या काळातील कॅबिनेट बहुधा प्लायवुडवर सागाचे व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा अगदी पातळ थर, चिकटवून केलेले असे आणि त्यावर चपडा लाखेचे फ्रेंच पॉलिश किंवा लॅकर दिलेले असे. लाख स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळते, लॅकर थिनरमध्ये. रिमूव्हरमधील ॲसिटोन लॅकर सरळ विरघळवते आणि लाखेलाही धड ठेवत नाही. हल्ली घरोघरी असलेल्या सॅनिटायझरमध्येही अल्कोहोलच असते, तेव्हा लाखेच्या पॉलिशवर तोही नको.

कॅबिनेटच्या तळाशी, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब लावलेली कापसाची काडी काही क्षण टेकवून पाहावी. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापूस तपकिरी झाला, तर ते लाखेचे पॉलिश समजावे. तसे न झाल्यास शेजारीच थिनरचा थेंब लावून पाहावा, त्याने मऊ पडले तर लॅकर. या दोन्हींना सहसा इजा न करता डिंक सैल करणारा पदार्थ म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन. तरीही त्याचीही चाचणी त्याच जागी घ्यावी. दुकानात नुसते ‘थिनर द्या’ म्हटले तर बहुधा लॅकरचे एनसी थिनर हाती पडते आणि तेच आपल्याला टाळायचे आहे.

अशा जुन्या पट्ट्यांवरील डिंक पुष्कळदा रबरापासून केलेला असतो. हवा आणि उजेड लागून तो पिवळा पडतो व कडक होतो. मग तो पूर्णपणे विरघळत नाही, केवळ फुगून मऊ होतो. म्हणून घासण्यापेक्षा थांबणे अधिक उपयोगी पडते. टर्पेंटाइनने ओलसर केलेला, पण न ठिबकणारा कापूस डागावर दोन-तीन मिनिटे ठेवावा, नंतर प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने लाकडाच्या रेषांच्या दिशेने डिंक अलगद सरकवावा आणि सुती फडक्याने टिपून घ्यावा. दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घेतली नाही, तर तोच डिंक पातळ होऊन सगळीकडे पसरतो. सगळे एका बैठकीत उरकण्याचा आग्रह नसावा. आपण चोळलेल्या खोबरेल तेलाचा थरही याच कृतीने निघेल. तो राहिला तर पुढे त्यावर पॉलिश नीट धरत नाही.

शटरच्या बाबतीत विशेष जपावे लागते. त्याच्या पट्ट्या मागील बाजूने कापडावर चिकटवलेल्या असतात; द्रव फटींत उतरला, तर तो चिकटवा सुटू शकतो. तिथे कापूस न ठेवता जवळजवळ कोरड्या काडीने एकेक पट्टी स्वतंत्रपणे साफ करावी.

पापुद्रा कुठे घट्ट राहिलाच असेल, तर हेअर ड्रायरची मंद ऊब पुरते. हाताला सोसेल त्याहून अधिक तापवू नये, कारण लाख उष्णतेने मऊ होते. ब्लेड, पटाशी आणि पॉलिशपेपर यांना हातही लावू नये. व्हिनिअर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकते आणि एकदा घासून गेले की खालचे प्लायवुड उघडे पडते.

काम खिडक्या उघड्या ठेवून, स्वयंपाकघरापासून दूर करावे, कारण टर्पेंटाइन ज्वलनशील आहे. संचाची पिन काढलेली असावी आणि मागचे झाकण उघडू नये. आतील पिक्चर ट्यूबमध्ये पिन काढल्यानंतरही धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

डिंक गेल्यावर पट्टीच्या आकाराचा वेगळ्या रंगाचा पट्टा दिसण्याची शक्यता आहे. तो डाग नसून, भोवतालचे पॉलिश उजेडाने आणि धुळीने बदलल्याचा परिणाम असतो, त्यामुळे तो पुसून जाणार नाही. पट्टीबरोबर पॉलिशच निघाले असेल, तर फ्रेंच पॉलिश करणाऱ्या कारागिराकडून तेवढाच भाग जुळवून घेता येतो. लाखेचा नवा हात जुन्या लाखेत मिसळून जातो. संपूर्ण कॅबिनेट खरवडून नव्याने चमकवण्याचा सल्ला मिळाला, तर माझ्या मते तो मानू नये.

प्रश्न : आमच्या टीव्हीच्या कॅबिनेटवर सनमायका आहे. तिथेही हीच पद्धत का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपले काम पुष्कळच सोपे आहे. सनमायकावर टर्पेंटाइन किंवा स्पिरिट, दोन्ही चालतात. केवळ कडांना ते मुरू देऊ नये, आणि तारेची घासणी वापरू नये, कारण तिचे ओरखडे कायमचे राहतात.