दोन एकर बाग आणि वॉशिंग्टनची जोडपदवी

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात पाच वर्षांच्या बीए एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. पहिल्यापासून फर्स्ट क्लास. तिला अमेरिकेत जेडी (तिकडची वकिलीची पदवी) आणि एमए इन इंटरनॅशनल अफेअर्स अशी चार वर्षांची एकत्र डिग्री करायला पाठवायचं आम्ही ठरवलं आहे. म्हणजे पुढे युनो, परराष्ट्र खातं किंवा हेगच्या कोर्टात काम मिळेल. कन्सल्टन्सीकडे पन्नास हजार भरले आहेत, निबंध वगैरे तेच लिहून देणार आहेत. खर्चासाठी दोन एकर द्राक्षबाग विकायची तयारी आहे, त्याचे ऐंशीएक लाख येतील. उरलेल्याला कर्ज काढू. मेहुण्यांचा मुलगा न्यू जर्सीत आहे. तिकडे शिकली तर स्थळही तिकडचंच मिळेल. मुलगी सध्या जरा गोंधळलेली आहे. उन्हाळ्यात नाशिकच्या कोर्टात एका वकिलांकडे इंटर्नशिप केली, तेव्हापासून ‘मला इथेच काम करायचंय’ म्हणते. एलसॅट या प्रवेश परीक्षेला किती गुण लागतात आणि कोणती युनिव्हर्सिटी चांगली, एवढं सांगावं.
– एक पालक, ता. निफाड

उत्तर:

नमस्कार. तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टी आधी सांगून टाकतो. एलसॅटचे गुण १२० ते १८० या पट्टीवर मोजतात आणि नावाजलेल्या लॉ स्कूलमध्ये जायचं तर १७० च्या पुढे असलेले बरे. कायदा आणि आंतरराष्ट्रीय संबंध एकत्र शिकायचे तर जॉर्जटाऊन, कोलंबिया, वॉशिंग्टनमधली अमेरिकन युनिव्हर्सिटी ही नावं कोणीही सांगेल. तीन वर्षांची जेडी आणि दोन वर्षांची एमए चार वर्षांत बसवतात, एक वर्ष वाचतं.

आता तुम्ही न विचारलेलं.

तुमच्या पत्रात बागेचा हिशेब आहे, मेहुण्यांचा मुलगा आहे, अजून न आलेलं स्थळही आहे. मुलगी मात्र शेवटाकडे येते आणि तीही ‘जरा गोंधळलेली’ म्हणून. मला तर साऱ्या पत्रात तीच एक गोंधळलेली वाटली नाही. चौथ्या वर्षातली मुलगी सुट्टीत जिल्हा न्यायालयात जाऊन बसते, तारखांवर तारखा पडताना बघते, कारकुनांच्या टेबलासमोर तासन्‌तास उभी राहते आणि तरीही घरी येऊन म्हणते की मला हेच करायचंय. कायद्याच्या विद्यार्थ्यांना एवढं स्पष्ट कळायला वर्षं लागतात, काहींना सनद घेतल्यावरही कळत नाही. पहिल्याच इंटर्नशिपनंतर कोर्टाचं नाव टाकलेली मुलं माझ्याकडे कितीतरी येतात. तुमची मुलगी उलट तिथून पक्की होऊन आली. तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का, की त्या वकीलसाहेबांकडे तिने काय काम केलं, कुठली फाईल वाचली, कुठल्या युक्तिवादाने तिला झोप लागली नाही? विचारलं असतंत तर त्यातलं काहीतरी पत्रात उतरलं असतं.

स्थळाबद्दलही बोलतो, राग मानू नका. पदवीचा खर्च आणि लग्नाचा बेत एकाच वहीत मांडला की दोन्ही हिशेब बिघडतात. विद्यापीठ निवडताना नकळत न्यू जर्सीपासूनचं अंतर मोजलं जातं आणि मुलीला ते पहिल्या दिवशी समजतं. शिक्षणासाठी पाठवायचं असेल तर शिक्षणासाठी पाठवा. स्थळं बघायची असतील तर ती नाशिकमध्ये बसूनही बघता येतात, त्याला बाग विकावी लागत नाही.

बागेचंच बोलू. ऐंशी लाख मोठी रक्कम आहे, पण इथे ती निम्म्यालाही पुरत नाही. अमेरिकेतल्या वरच्या खासगी लॉ स्कूलची नुसती फी वर्षाला पंचाहत्तर-ऐंशी हजार डॉलरच्या घरात आहे. राहणं, खाणं, विमा धरून चार वर्षांचा आकडा चार लाख डॉलरच्या पुढे जातो. रुपयांत साडेतीन कोटींच्या आसपास. तिथल्या सरकारची शैक्षणिक कर्जं परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाहीत. म्हणजे बाग गेल्यावरही अडीच कोटींच्या वर कर्ज उरतं आणि ते डॉलरमध्ये पगार मिळाला तरच फिटण्यासारखं असतं. शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर कामासाठी साधारण बारा महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी जास्तीची मुदत कायद्याच्या पदवीला नाही. पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा, ज्याच्या वर्षाला ८५,००० जागा आहेत आणि सोडत काढली जाते. सोडतीत नाव आलं नाही तर मुलगी परत येणार आणि नाशिकच्या वकिलीतून डॉलरचं कर्ज फेडणार. हा हिशेब कन्सल्टन्सीने तुम्हाला दाखवला नसेल.

पैशाहून जड असतं ते दुसरंच. ‘बाग विकून शिकवलं’ हे वाक्य एकदा घरात जन्माला आलं की मरत नाही. तुम्ही ते कधी तोंडाने बोलणार नाही, मला खात्री आहे. नातेवाईक बोलतील. पहिल्या परीक्षेत कमी गुण पडले, विषय आवडला नाही, परत यावंसं वाटलं, तर ती कोणाला सांगणार? दोन एकर डोक्यावर घेऊन कोणी मोकळेपणाने शिकत नाही.

तुमच्या पत्रातला एक समज मात्र इतका पसरलेला आहे की त्यावर थोडं थांबायलाच हवं. ही जोडपदवी घेतली की आंतरराष्ट्रीय संस्थांचे आणि सरकारांचे दरवाजे उघडतात, असं तुम्ही धरून चालला आहात. उघडतात, पण बरेचसे अमेरिकन नागरिकांसाठी. वॉशिंग्टनमध्ये ही पदवी घेणारी बरीच मुलं परराष्ट्र खात्यात, न्याय खात्यात, संसदेच्या समित्यांच्या कार्यालयांत जायचं म्हणून ती घेतात आणि अमेरिकेची परराष्ट्र सेवा नागरिकत्वाशिवाय कोणाला घेत नाही. तिथल्या केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांची तीच अट. सरकारची गोपनीय कामं घेणाऱ्या खासगी कंपन्यांतही नागरिकत्व विचारतात. म्हणजे वर्गात तुमच्या मुलीशेजारी बसलेल्या मुलासाठी जो रस्ता आहे, तो तिच्यासाठी नाही, आणि फी दोघांची सारखीच. आपल्याकडच्या मुलीला उरतात मोठ्या लॉ फर्म, व्यापार आणि निर्बंधांच्या कायद्यावर काम करणाऱ्या सल्लागार संस्था, काही स्वयंसेवी संघटना. पगार फर्ममध्ये आहे, पण त्या फर्मला जेडी लागते, त्यासोबतच्या एमएसाठी कोणी जास्त पैसे मोजत नाही. शिवाय जेडीचं पहिलं वर्ष म्हणजे कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट्स, प्रॉपर्टी, फौजदारी कायदा, दिवाणी प्रक्रिया. यातलं बहुतेक तिने पुण्यात शिकून झालंय. अमेरिकेत कायमची वकिली करायची असेल तर ते पुन्हा तिकडच्या पद्धतीने शिकण्यात अर्थ आहे. तुमची मुलगी तर ‘इथेच’ म्हणतेय! भारतातली एलएलबी हातात असलेल्याला वरचं शिक्षण हवं असेल तर एका वर्षाची एलएलएम असते. त्याला सहसा एलसॅटही लागत नाही.

युनोचं थोडक्यात: तरुणांसाठीची त्यांची भरती परीक्षा ज्या देशांचं प्रतिनिधित्व कमी आहे त्यांच्या नागरिकांसाठी असते, यादी वर्षागणिक बदलते, वय ३२ पर्यंत चालतं आणि साधी पदवी पुरते. भारतीय परराष्ट्र सेवेला यूपीएससी, कोणतीही पदवी. न्यायाधीश व्हायचं म्हटलं तर जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची परीक्षा, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानंतर त्यालाही तीन वर्षांची वकिली आधी हवी.

आता हेगच्या कोर्टाचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे यांनी कायद्याची पदवी नागपूर विद्यापीठातून घेतली. जुलै २०१९ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी पंधरा विरुद्ध एक असा कौल दिला, तो व्हिएन्ना कराराच्या एका कलमावर, कैद्याला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क करू देण्याच्या हक्कावर. साळवे तिथे पोहोचले ते इथल्या न्यायालयांत अनेक दशकं उभं राहून. म्हणून प्रत्येकजण साळवे होतो असं नाही, आणि नागपूरची पदवी घेतली की हेग गाठता येतं असंही नाही. पण ‘हेगला जायचं तर आधी वॉशिंग्टन’ हा नियम तुम्हाला कोणी सांगितला, हे मात्र मला कळलं नाही.

तुम्ही द्राक्ष बागायतदार आहात, तेव्हा आणखी एक सांगतो. आंतरराष्ट्रीय कायदा तुमच्या शिवारात येऊन गेलाय. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, ते तुमच्याकडे कोणी विसरलं नसेल. अंश किती चालणार, तो आकडा कोण ठरवणार, त्याला शास्त्रीय आधार आहे का, आयातदार देशाला एकतर्फी मर्यादा बदलता येते का, हे सगळं जागतिक व्यापार संघटनेच्या एका करारात बसतं. तो करार वाचता येणारा, कंटेनर अडकला तर निर्यातदाराच्या बाजूने पत्र लिहू शकणारा, विमा आणि खरेदीदाराशी झालेला करार तपासणारा वकील नाशिक जिल्ह्यात किती ठिकाणी मिळतो? हेच मोठ्या पातळीवर बघा. केर्न कंपनीने पूर्वलक्षी (मागच्या व्यवहारांवर नंतर लावलेल्या) कराच्या वादात डिसेंबर २०२० मध्ये भारताविरुद्ध लवादात निकाल मिळवला, १.२ अब्ज डॉलरचा. पुढच्याच वर्षी सरकारने कायदा बदलून तो कर मागे घेतला. असे लवाद आता लंडन-सिंगापूरपुरते उरलेले नाहीत, मुंबईतही २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. मुलीला आंतरराष्ट्रीय कायद्याची आवड असेलच, तर ती इथे वकिली करता करता वाढू शकते. आवड आहे का, हे मात्र तुमच्या पत्रावरून मला ठरवता येत नाही.

समजा तिलाच तीन-चार वर्षांनी जावंसं वाटलं. तोवर तिने पाचवं वर्ष संपवलेलं असेल, सनद आणि बारची परीक्षा झालेली असेल, एखाद्या सिनिअरकडे काम शिकलेली असेल. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स फेलोशिपला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, ब्रिटनच्या चिव्हनिंगला दोन वर्षांचा. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतेय. म्हणजे नाशिकच्या कोर्टातल्या ज्या कामाला तुम्ही गोंधळ म्हणताय, त्याचीच वर्षं पुढे अर्जात उपयोगी पडतात. अमेरिकाच कशाला, हेगच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अकादमीत उन्हाळ्यात काही आठवड्यांचे वर्ग भरतात, त्यांच्या शिष्यवृत्त्याही आहेत. तिथे जाऊन आलेल्या मुलांना हा विषय आपला आहे की नाही हे बऱ्यापैकी कळतं, आणि त्याला बाग लागत नाही.

कन्सल्टन्सीवाले निबंध लिहून देणार आहेत, ते ताबडतोब थांबवा. अमेरिकन लॉ स्कूलच्या अर्जात मजकूर स्वतःचा आहे असं अर्जदाराला सहीनिशी सांगावं लागतं. खोटं निघालं तर प्रवेश जातो आणि पुढे तिथे वकिलीचा परवाना मागताना चारित्र्याची चौकशी होते, तेव्हाही ते वर येतं. सनदेआधीच मुलीच्या नावावर खोटं प्रतिज्ञापत्र कशाला? आणि अर्जाचा ई-मेल तुमच्या फोनवर उघडलेला असेल, बहुतेक घरांत असतोच, तर त्यातून बाहेर पडा.

पुढचं पत्र मला तिच्याकडून हवंय. तुम्ही वाचून, दुरुस्त करून पाठवलेलं नको. तिने ‘मला अमेरिकेला जायचंय’ असं लिहिलं तर मी कुठे, कसं, किती पैशांत ते तिच्याशी बोलेन. ‘नाशिकमध्ये कोणत्या सिनिअरकडे काम शिकू’ असं विचारलं तर त्याचंही उत्तर देईन, आणि पहिली दोन-तीन वर्षं हातात फार पैसे पडणार नाहीत, तेवढा काळ घराने सांभाळावं लागेल, हे तुम्हालाही सांगेन. ते ऐंशी लाखांहून खूप स्वस्त पडतं.

राहिले कन्सल्टन्सीला दिलेले पन्नास हजार. ते परत मिळतात का, हे तुम्ही सही केलेल्या कराराच्या कागदावर असतं, बहुधा मागच्या पानावर बारीक अक्षरांत. तो कागद आज संध्याकाळी मुलीकडून वाचून घ्या. कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे ती.