आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आहे, ५०७० घेऊ का? गोव्याच्या हवेत गरम होईल का?

४०७० असेल तर ५०७० घेऊ नका, सरळ सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये हे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने ५०७० बद्दल ५४९ डॉलरमध्ये ४०९० चा, म्हणजे आधीच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या कार्डाचा, परफॉर्मन्स असं सांगितलं होतं ना, ते मल्टी फ्रेम जनरेशन धरून, म्हणजे एक फ्रेम कार्ड खरोखर काढतं आणि तीनपर्यंत एआय मधे भरतं, आकडा मोठा दिसतो पण कंट्रोलरवर हाताला तेवढा फरक लागत नाही. मेमरी दोन्हीत १२ जीबीच, वीज मात्र २०० वॉटवरून २५० वॉट. आणि डॉलरचा भाव बघून हिशोब करू नका, इथे वर १८ टक्के जीएसटी असतो. बदलायचंच असेल तर निदान १६ जीबीवालं बघा, ५०७० टीआय नायतर एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी, पण दोन्ही ३०० वॉटच्या आसपास खातात, पीएसयू (पीसीला वीज देणारा डबा) तेवढा भार झेपवेल का ते आधी तपासा.

आता गरमीचं. मी कळंगुटला रहातो, समुद्र जवळ. गेल्या पावसाळ्यानंतर पीसीचं साइड पॅनल काढलं तर कार्डाच्या फिन्समधे (कूलरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांत) धूळ ओल्या पिठासारखी चिकटलेली आणि ब्रॅकेटच्या स्क्रूवर गंज! सुक्या ब्रशने हळूहळू काढली, पंखा बोटाने धरून, तर गेममधलं तापमान ८१ वरून ७२ वर आलं, एक पैसा खर्च नाही. खोलीतच ३३ डिग्री असेल तर कुठलाच कूलर कार्ड त्याच्याखाली नेऊ शकत नाही, म्हणून पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वीज खायची ती मर्यादा, ८० टक्क्यांवर ठेवून बघा, फ्रेम थोड्याच कमी होतात. आणि पीसी खिडकीजवळ नको हां, खारा वारा थेट आत जातो.