आईची ठाण्यात मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आहे. नर्सने पावडर, डिओ लावून येऊ नका असं बजावलंय. का?

टाल्कम पावडरचे आणि डिओतले ॲल्युमिनियमचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन उमटतात. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दिसू शकणारे कॅल्शियमचे बारीक कणही तसेच दिसतात, मग फोटो परत काढावे लागतात. ठाण्याच्या दमट हवेत पावडर न लावता घराबाहेर पडणं अवघडच, म्हणून चांगली नर्स नुसतं विचारत नाही. काख आणि स्तनाखालची घडी ओल्या कापडाने पुसून कोरडी करून घेते. त्या घडीत घामोळं किंवा चिघळलेलं असेल तर आधीच सांगा, फोटोसाठी स्तन यंत्राच्या दोन प्लेट्समध्ये दाबतात, तेव्हा तिथली कातडी फाटू शकते.

दोन्ही बाजूंचे दोन-दोन, असे साधारण चार फोटो. दाब प्रत्येक वेळी काही सेकंदच. त्यात हललं की फोटो धूसर, आणि परत दाब. आईला चक्कर येण्याची सवय असेल तर तेही बोला, कारण तपासणी बहुतेक उभ्यानेच होते.

फक्त वरचे कपडे काढावे लागतात, म्हणून साडी-ब्लाउज किंवा सलवार-कुर्ता चालेल, मॅक्सी नको. मंगळसूत्र काढावं लागतं. पाळी अजून येत असेल तर ती सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली वेळ घ्या, दुखतं कमी. आणि जुन्या फिल्म्स, रिपोर्ट न विसरता न्या.