मिथक की प्रतीक?

प्रश्न असा आलाय: ‘“मोबी डिक” या कादंबरीवरच्या लेखांत कुणी व्हेलला मिथक म्हणतं, कुणी प्रतीक. दोन्ही एकच का? आणि मिथक म्हणजे खोटी समजूत ना?’

शेवटचं आधी. ‘केसगळतीविषयीची मिथकं’ हा मथळ्यांतला अर्थ इंग्रजीच्या मागून आला. ‘गैरसमज’ हा धडधाकट शब्द असताना मिथकाला वेठीला कशाला धरायचं? साहित्यात मिथक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली, देव, दैव, मृत्यू यांना भिडणारी कथा. ती खरी की खोटी, हा सवालच तिथे गैरलागू.

मिथक ही कथा, तर प्रतीक बहुधा एखादी वस्तू, प्राणी, रंग. ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारून पाहा. ययातीबद्दल विचारता येतं: शुक्राचार्यांचा शाप, अकाली म्हातारपण, पुरूने दिलेलं तारुण्य. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) याच कथेवर उभी आहे. नाण्याबद्दल मात्र हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही.

नाणं मुद्दाम म्हटलं. अमेरिकन लेखक मेल्व्हिलच्या त्या कादंबरीत (१८५१) पांढऱ्या व्हेलच्या मागे लागलेला जहाजाचा कप्तान एहॅब इक्वेडोरचं सोन्याचं नाणं डोलकाठीला ठोकतो. तो व्हेल जो आधी पाहील, त्याला ते बक्षीस. नाण्यावर तीन शिखरं: एकावर ज्वाला, एकावर बुरूज, एकावर आरवणारा कोंबडा. एहॅबला तिन्हींत स्वतःच दिसतो. त्याचा श्रद्धाळू अधिकारी स्टारबक, त्याला त्या शिखरांत ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) दिसतं. दुसरा अधिकारी फ्लास्क सरळ हिशेब करतो: सोळा डॉलर, म्हणजे दोन सेंटांचे ९६० सिगार! (हिशेब चुकलाय, खरे ८०० होतात; तरी मला हाच सगळ्यांत आवडतो.) वस्तू एक, अर्थ अनेक, आणि एकही शेवटचा नाही, म्हणून ते प्रतीक. अमुक म्हणजे तमुकच अशी जोडी कथाभर पक्की बांधली, की ते रूपक.

मिथक तिथे नावांतून येतं. एहॅब म्हणजे मराठी बायबलातला अहाब राजा; संदेष्ट्याचा इशारा धुडकावून लढाईला गेला आणि मेला. ती गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकाला जहाजाचं भवितव्य आधीच कळतं.

आता व्हेल. तो प्रतीकच. पण बायबलातल्या योना संदेष्ट्याला गिळणाऱ्या माशाची कथा त्याच्यामागे आहे. कादंबरीत तिच्यावर अख्खं प्रवचन आहे. तेव्हा ‘मिथकीय प्रतीक’ म्हणा, चालेल. नुसतं ‘मिथक’ नको.