निगेटिव्ह स्पेस: नकारात्मक, रिकामी की मोकळी?

प्रश्न असा आहे: डिझाइनवरच्या एका मजकुरात निगेटिव्ह स्पेससाठी ‘नकारात्मक जागा’ आणि व्हाइट स्पेससाठी ‘पांढरी जागा’ असे शब्द वापरले आहेत. ते योग्य आहेत का? आणि दोन्हींचा अर्थ एकच का?

दोन्ही शब्द टाकाऊ आहेत, आणि अर्थही एक नाही.

नकारात्मक उत्तर असते, भूमिका असते. जागा कोणाला नकार देत नाही. ‘चित्रातला नकारात्मक अवकाश’ वाचताना त्यावर काहीतरी उपाय करून घ्यायला हवा असे वाटू लागते. इथला निगेटिव्ह गणितातला आणि विजेतला आहे. ऋण संख्या, ऋणप्रभार म्हणतो, तसा ‘ऋण अवकाश’. या शब्दातही कर्जाची सावली आहेच, पण धन-ऋण ही जोडी आपल्याकडे इतकी रुळली आहे की पारिभाषिक लेखनात अडचण येत नाही. ‘पांढरी जागा’ मात्र सरळ चूक. ती जागा निळी असेल, काळी असेल, फोटोतले धूसर आकाशही असेल.

आता फरक. खुर्चीचे चित्र काढताना पाठीच्या दोन दांड्यांमध्ये, पायांच्या मध्ये जे चौकोन-त्रिकोण दिसतात, तो ऋण अवकाश. त्याला स्वतःची कड असते, आकार असतो. नवशिक्यांची खुर्ची बिघडते ती बहुधा माहितीमुळे: बैठक चौरस असते हे ठाऊक असते, म्हणून समोर ती चपटी दिसत असतानाही हात चौरसच काढतो. यावर जुना उपाय असा. पुठ्ठ्यात आयताकृती खिडकी कापायची, तिची लांबी-रुंदी कागदाच्याच प्रमाणात ठेवायची, एक डोळा मिटून तिच्यातून खुर्ची पाहायची आणि खुर्ची न काढता फक्त मधले तुकडे काढायचे. त्या वेड्यावाकड्या तुकड्यांबद्दल मनात आधीची काही समजूत नसते, त्यामुळे ते दिसतात तसे उतरतात. सगळे तुकडे जागेवर बसले की खुर्ची आपोआप उभी राहते. शिकवताना ‘ऋण अवकाश’ म्हणण्यापेक्षा ‘मधले आकार काढा’ म्हणावे, लगेच कळते.

एडगर रुबिन या डॅनिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये मांडलेले फुलदाणीचे चित्र याच प्रकारातले: तिच्या दोन्ही कडा म्हणजे समोरासमोरचे दोन चेहरे. फुलदाणीकडे पाहाल तर दोन्ही बाजूंचे चेहरे मागे सरतात, चेहऱ्यांकडे पाहाल तर फुलदाणी. कड एकच, पण एका वेळी ती एकाच बाजूची वाटते. फेडएक्स या कुरिअर कंपनीच्या बोधचिन्हात ‘ई’ आणि ‘एक्स’ या अक्षरांमधला बाणही तसाच. तो वेगळा काढलेला नाही, अक्षरांच्या मध्ये मुद्दाम उरवलेला आहे.

व्हाइट स्पेस म्हणजे पानावरचे समास, ओळींमधले अंतर, चित्राभोवती सोडलेली जागा. तिचा आकार सहसा कोणी पाहत नाही. ती कोणाला कोणाजवळ आणि कोणापासून दूर ठेवते हे महत्त्वाचे. यासाठी मराठीत ‘मोकळी जागा’ हाच शब्द हवा. ‘रिकामी’ नको. भांडे रिकामे असते, केस मोकळे असतात, कागद कोरा असतो, बांबू पोकळ असतो. रिकामी म्हटले की ती भरायची वाट पाहते. शाळेत ‘रिकाम्या जागा भरा’ लिहून तयार झालेला हात पानावर रिकामा कोपरा दिसताच तिथे एखादा तारा नाहीतर फोन नंबर बसवतो. मोकळी म्हटले की ती तशीच राहू शकते.

मोकळी जागा पुष्कळ सोडली म्हणजे काम झाले असेही नाही. शीर्षकाच्या वर आणि खाली सारखेच १६ पिक्सेल अंतर ठेवले, तर ते दोन परिच्छेदांमध्ये लोंबकळते. वर २४ आणि खाली ८ ठेवा, एकूण अंतर तेवढेच राहते आणि शीर्षक खालच्या मजकुराचे होते. दुसरी हमखास चूक म्हणजे चारी बाजूंनी मजकूर आणि मध्ये कोंडलेली जागा. ती मोकळी वाटत नाही, भोक पडल्यासारखी दिसते. तिला कडेकडे ढकलावे, समासाला जोडून द्यावे. देवनागरीत ओळींमधल्या अंतराचा हिशेबही निराळा: वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार आणि ‘ट्ठ’सारखी उभी जोडाक्षरे. रोमन लिपीला अक्षराच्या १.२ पट ओळ-उंची पुरते, तिथे देवनागरीला दीडपटीच्या आसपास धरावी. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत अडकतात.

‘पार्श्वभूमी’ हा तिसरा शब्दही यात मिसळला जातो. पार्श्वभूमी मागे असते, ऋण अवकाश त्याच पातळीवर शेजारी असतो.

जाता जाता ‘अवकाश’बद्दल. हिंदीत तो सुट्टी झाला, मराठीत ‘निघायला अजून अवकाश आहे’ म्हणताना वेळ, आणि यान सोडताना अंतराळ. ‘सावकाश’ म्हणजेही मुळात स-अवकाश, अवकाशासह. जागा आणि सवड दोन्ही एका शब्दात असल्याने चित्रकलेत तो ‘जागे’पेक्षा जास्त शोभतो.

मात्र ऋण अवकाश फार अरुंद झाला की त्याला मराठीत ‘फट’ म्हणतात, आणि बोधचिन्हे बिघडतात ती तिथेच. बोधचिन्हाच्या रुंदीच्या विसाव्या भागाएवढी फट १६ पिक्सेलच्या आयकॉनमध्ये ०.८ पिक्सेल उरते, म्हणजे नुसता करडा डाग. छपाईत शाई पसरून ती बुजतेही. म्हणून लहान आकारासाठी फट मुद्दाम रुंदावलेली वेगळी आवृत्ती काढून ठेवतात.