शिकवलं खूप, उरलं किती?

चांगलं शिकवणं म्हणजे काय, याबद्दल प्रश्न पाठवा असं आवाहन आम्ही मागच्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. काही उत्तरांत आम्ही पत्रलेखकांच्या गृहीतकालाच हात घातला आहे, कारण अडचण तिथेच आहे असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : मी सहावीला गणित शिकवते. अपूर्णांकांची बेरीज, मग गुणाकार, मग भागाकार, असं एकेक प्रकरण नीट संपवूनच पुढे जाते. त्या त्या वेळी जवळपास सगळ्यांची उदाहरणं सुटतात. सत्र परीक्षेत मात्र तीच मुलं बेरजेत छेदात छेद मिळवतात आणि गुणाकारात समच्छेद करत बसतात. सराव वाढवू का? – एक गणित शिक्षिका

सराव आहे तेवढाच ठेवा, त्याची मांडणी बदला. ‘गुणाकार’ या मथळ्याखाली पंधरा उदाहरणं दिली की पहिल्यात जे केलं तेच चौदा वेळा करायचं, हे मुलांना कळतं. चिन्हाकडे बघायचीसुद्धा गरज उरत नाही. परीक्षेत मथळा नसतो. इथे कुठली रीत लावायची हे आधी ठरवावं लागतं, आणि नेमकं हे ठरवण्याचा सराव झालेलाच नसतो. तुमच्या मुलांना रीती येतात. कुठली कधी लावायची याचा गोंधळ आहे.

डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच मुद्द्यावर आहे. विद्यार्थ्यांना चार घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका प्रकारची उदाहरणं सलग दिली, दुसऱ्याला तीच उदाहरणं मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले होते आणि मिसळवाले ६३ वर होते. तुम्हाला वर्गात जे दिसतं, ते सरावाच्या वेळचं ८९ आहे.

आता करायचं काय? नवीन रीत शिकवली त्या दिवशी पाच-सहा उदाहरणं एकाच प्रकारची, सलग द्या. हे टाळू नका. रीत हातात बसण्याआधीच मिसळ केली तर मुलं नुसती गांगरतात. दुसऱ्या दिवसापासून बारा उदाहरणांचा संच करा : चार नव्या प्रकारची, आठ जुन्या प्रकरणांतली, एका प्रकारची दोन उदाहरणं लागोपाठ नकोत. सारखी दिसणारी उदाहरणं मुद्दाम जवळजवळ ठेवा. २/३ + १/४, २/३ × १/४ आणि २/३ ÷ १/४ ही तीन घ्या. आकडे तेच, बदलतं ते फक्त चिन्ह. सोडवण्याआधी प्रत्येकापुढे एवढंच लिहायला सांगा : उत्तर २/३ पेक्षा मोठं येईल की लहान? बेरजेचं मोठं (११/१२), गुणाकाराचं लहान (१/६). भागाकाराचं ८/३ येतं, म्हणजे भागून संख्या वाढली! इथे वर्गात चर्चा हमखास पेटते. तिला दहा मिनिटं द्या. छेदात छेद मिळवणाऱ्याचं बेरजेचं उत्तर ३/७ येतं, ते २/३ पेक्षा लहान आहे. ‘मिळवून कमी कसं झालं?’ हा प्रश्न मग त्याचा त्यालाच पडतो, तुम्हाला लाल शाई लावावी लागत नाही.

जोडीला तासाची पहिली पाच मिनिटं राखून ठेवा. वह्या बंद, फळ्यावर चार प्रश्न : एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, दोन महिन्याभरापूर्वीचे. आठवायला लावणं हाच इथे सराव आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा अभ्यासला, दुसऱ्याने एकदाच अभ्यासून नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने पारडं फिरलं : वाचणारे ४०, आठवणारे ६१.

हा उपक्रम फसतो तो तीन कारणांनी. त्याला गुण लावले की मुलं शेजारच्याचं बघून लिहितात. उत्तरं लगेच सांगितली नाहीत तर चुकीचंच पक्कं होतं. आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुलं आधीपेक्षा जास्त चुकतात, म्हणून शिक्षकच माघार घेतात. असं होणार आहे हे मुलांना आणि पालकांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : ‘समजलं का?’ विचारलं की पूर्ण वर्ग ‘हो’ म्हणतो. वह्या तपासल्या की कळतं, निम्म्यांना समजलेलं नाही. मुलं खोटं का बोलतात? – पाचवीचे वर्गशिक्षक

खोटं बोलत नाहीत. ज्याचा समज चुकीचा आहे त्याला आपलं चुकतंय हे ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीने त्याला समजलेलंच आहे. त्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं काय आणि ‘नाही’ आलं काय, तुमच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी, प्रत्येक चुकीचा समज वेगळ्या उत्तराकडे नेईल असा एकच प्रश्न विचारा.

दशांश अपूर्णांकांचं बघा. ‘०.५, ०.४५ आणि ०.४०५ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती?’ हा प्रश्न वरवर ठीक वाटतो. जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी असं मानणारं मूल ०.४०५ म्हणेल आणि सापडेल. पण काही मुलांचा समज उलटा असतो : दशांशापेक्षा शतांश लहान, सहस्रांश त्याहून लहान, म्हणून जास्त अंकांची संख्या नेहमी लहान. असं मूल ०.५ म्हणेल, म्हणजे बरोबर उत्तर देईल, आणि तुमच्या नजरेतून निसटेल. आता संख्या बदला : ०.३, ०.४७, ०.२१५. पहिल्या समजाचं मूल ०.२१५ निवडतं, दुसऱ्याचं ०.३, आणि स्थानिक किंमत कळलेलं ०.४७. तीन समज, तीन उत्तरं. असा एक प्रश्न तयार करायला अर्धा तास लागला तरी तो वेळ सत्कारणी लागतो. पुढची कित्येक वर्षं तो वापरता येतो. साहित्य शोधायला लांब जायला नको, मागच्या वर्षीच्या वह्यांतल्या चुकाच पर्याय म्हणून घ्या. मनाने रचलेले चुकीचे पर्याय बहुधा कुणीच निवडत नाही.

विचारायची पद्धतही महत्त्वाची आहे. प्रश्न लिहा, अर्धा मिनिट पूर्ण शांतता ठेवा, मग सगळ्यांना पाटीवर किंवा कागदावर उत्तर लिहून एकाच वेळी वर धरायला सांगा. हात वर करायला सांगितलं की मुलं हुशार मुलाचा हात बघून आपला वर करतात. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात जी पद्धत रुळवली तिचा हिशेब साधा आहे. साधारण ३० टक्क्यांहून कमी उत्तरं बरोबर असतील तर पुन्हा शिकवा, आणि वेगळ्या तऱ्हेने. ७० टक्क्यांहून जास्त असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जा. मधली स्थिती असेल तर बरोबर उत्तर न सांगता मुलांना दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याशी वाद घालू द्या, आणि पुन्हा उत्तरं मागा.

शांततेबद्दल आणखी थोडं. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक. त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. हा थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब येतात, गप्प बसणारी मुलं कमी होतात आणि मुलं आपणहून प्रश्न विचारू लागतात. असाच थांबा मुलाचं उत्तर संपल्यावरही हवा. ‘शाबास’ची घाई केली की उरलेल्यांचा विचार तिथेच थांबतो.

प्रश्न : मुलीची चाचणी करून घेतली. ती ‘दृश्य पद्धतीने शिकणारी’ आहे असं कळलं. तिला सगळं चित्रांतूनच शिकवायला हवं ना? – एक पालक

नको. पॅशलर, मॅकडॅनिएल, रोहरर आणि बियॉर्क यांनी २००८ साली या विषयावरचं संशोधन तपासलं. मुलाची ‘शिकण्याची शैली’ (दृश्य, श्राव्य वगैरे) ओळखून त्या शैलीत शिकवल्याने शिकणं सुधारतं, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. मुलांना आवडनिवड असते, हे खरं. पण काय वापरायचं हे विषय ठरवतो : नकाशा सगळ्यांनाच पाहावा लागतो आणि उच्चार सगळ्यांनाच ऐकावा लागतो. ‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के’ असा त्रिकोणही तुम्हाला कुणी दाखवला असेल. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ साली मांडलेल्या मूळ आकृतीत टक्के नव्हतेच. ते नंतर कुणीतरी चिकटवले.

प्रश्न : मी प्रौढांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. एका प्रशिक्षणात सांगितलं, ‘सांगू नका, त्यांना शोधू द्या.’ दुसऱ्यात सांगितलं, ‘आधी सगळं समजावून द्या.’ खरं काय? – एक प्रशिक्षक

समोरच्याला आधीपासून किती येतं, यावर ते ठरतं. नवख्याला कोरा पडदा देऊन ‘शोधा’ म्हटलं की त्याचं सगळं लक्ष चाचपडण्यात जातं. कार्यरत स्मृतीत, म्हणजे विचार करताना आपण डोक्यात जे धरून ठेवतो त्यात, एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. त्या कंस कुठे आणि स्वल्पविराम कुठे यातच अडकल्या, तर लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवण्याची रचना) म्हणजे काय हे कळायला जागा उरत नाही. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि सहकाऱ्यांच्या कामातून हे स्पष्ट झालं आहे, की नवख्यांना नुसते प्रश्न सोडवण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासण्याचा जास्त फायदा होतो. पुढे कल्युगा आणि सहकाऱ्यांनी २००३ साली याची दुसरी बाजू मांडली : जाणकारांना हीच मदत अडथळा ठरते.

म्हणून आधार टप्प्याटप्प्याने काढा. आधी पूर्ण प्रोग्रॅम द्या, दहा-बारा ओळींचा. मग तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमची शेवटची ओळ गाळा, तिसऱ्यात लूपची अट गाळा, चौथ्यात कुठे काय करायचं याची फक्त टिपणं ठेवा, पाचवा कोरा. पूर्ण उदाहरण वाचताना माणूस माना डोलवतो आणि डोक्यात काही शिरत नाही, हा मोठा धोका आहे. त्यावर उपाय : चालवण्याआधी उत्तर लिहून घ्या. ‘ही ओळ लूपच्या बाहेर नेली तर काय छापलं जाईल?’ आधी अंदाज, मग चालवून बघणं. अंदाज लागोपाठ बरोबर येऊ लागले की त्या माणसाला पुढच्या टप्प्यावर न्या, बाकीचे मागे असले तरी.

प्रश्न : पन्नास वह्या, प्रत्येक निबंधावर सविस्तर शेरा आणि गुण. मुलं गुण बघतात आणि वही मिटतात. – एक भाषा शिक्षिका

गुण काढून टाका, निदान कच्च्या लेखनावर तरी देऊ नका. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात पाचवी-सहावीच्या मुलांपैकी ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांचं काम सुधारलं. शेऱ्यासोबत गुण मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. शेरेही कमी करा. पन्नास वह्यांत चुकांचे प्रकार चार-पाचच निघतात. त्यांना अ, ब, क अशी अक्षरं द्या, वहीत फक्त अक्षर लिहा, खुलासा फळ्यावर एकदाच करा. मग वर्गातच पंधरा मिनिटं दुरुस्तीला द्या. ज्यावर मुलाने काहीच करायचं नाही तो शेरा लिहिण्यात तुमची संध्याकाळ घालवू नका.

प्रश्न : मी शाळाप्रमुख आहे. तासाला बसते तेव्हा शिस्त, फलकलेखन, मुलांचा सहभाग बघते. वर्षाअखेर विद्यार्थ्यांकडून अभिप्रायाचे अर्जही भरून घेते. एवढं पुरेसं आहे का?

तुम्ही जे बघता ते शिकवणं आहे. शिकणं त्या तासाला बसून दिसत नाही, आणि खुद्द विद्यार्थ्यालाही त्याचा अंदाज नीट येत नाही. देलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात तोच आशय दोन पद्धतींनी शिकवला : एकीकडे सफाईदार व्याख्यान, दुसरीकडे गटात आधी झगडणं आणि मग खुलासा. झगडणारे चाचणीत पुढे गेले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटलं. उटल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली आधीच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेली पसंती आणि विद्यार्थ्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांत संबंध आढळला नाही.

मग असं करून बघा. तीन आठवड्यांपूर्वी झालेला एक घटक निवडा. पाच-सहा मुलं चिठ्ठ्या टाकून निवडा. शिक्षकांनी निवडलेली नकोत. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा, एक शिकवला होता तसाच आणि एक थोडा फिरवलेला. पहिला येतो आणि दुसरा अडतो, तर पाठांतर झालं आहे. दोन्ही अडत असतील तर उजळणीची सोय नाही, किंवा मुळातच समजलेलं नव्हतं. कुठलं ते मुलाशी बोलून कळतं. उत्तरं शिक्षकांसोबत बसून वाचा. ती गोपनीय अहवालात मात्र नोंदवू नका. पाच मुलांवरून कुणाचं मूल्यमापन होत नाही, आणि त्यावर काही अवलंबून आहे असं कळलं की शिक्षक त्या दोन प्रश्नांचीच तयारी करून घेतील.

अभिप्रायाचे अर्ज बंद करायची गरज नाही. विद्यार्थ्यांना जे नक्की सांगता येतं तेवढंच त्यात विचारा : शिक्षकांचा आवाज मागच्या बाकापर्यंत येतो का, वह्या वेळेवर परत मिळतात का, शंका विचारायची भीती वाटते का. तिसऱ्या प्रश्नाला जिथे ‘हो’ जास्त येतील, त्या वर्गावर आधी जा.