नाडी मोजणारं घड्याळ घेताना

पहाटे रंकाळ्यावर फिरणाऱ्यांच्या हातात आता नाडी दाखवणारी घड्याळं सर्रास दिसतात, आणि माझ्याकडे त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देतो.

छातीचा पट्टा घ्यावा की घड्याळ?
नुसतं चालत असाल तर घड्याळ पुरे. सायकलवर पन्हाळा चढणार असाल, वजनं उचलणार असाल किंवा मध्येच वेग वाढवून धावणार असाल तर पट्टा घ्या. पट्टा हृदयाचे विद्युतसंकेत थेट पकडतो. घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या हालचालीवरून अंदाज बांधतं. हँडल किंवा डंबेल घट्ट धरलं की तो अंदाज चुकतो. धावताना तर कधीकधी पावलांचा ठेकाच नाडी म्हणून दिसतो.

घड्याळ नेमकं कुठे बांधायचं?
मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, हलणार नाही इतकं घट्ट.

पट्टा सुरुवातीला काहीही आकडे दाखवतो.
आतली बाजू पाण्याने ओली करून मग बांधा.

वय ५२, बीपीची गोळी चालू आहे. जिममध्ये सांगतात, २२० वजा वय म्हणजे १६८. त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी गेलीच पाहिजे. माझी जात नाही.
हे गणित सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यात तुमची गोळी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी असेल, तर ती नाडी वाढूच देत नाही. तेच तिचं काम आहे. आकडा गाठायला जोर लावू नका आणि गोळी तर मुळीच बंद करू नका. व्यायाम करताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की पुरे. तुमची मर्यादा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, जिमकडून नाही.

दीड हजारात नाडी, बीपी आणि शुगर दाखवणारं घड्याळ मिळतंय. घेऊ का?
नको. सुई न टोचता साखर मोजल्याचा दावा करणाऱ्या घड्याळांपासून सावध राहा, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आणि अशा एकाही घड्याळाला मान्यता दिली नसल्याचंही सांगितलं. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर जीवावर बेतेल. हा निव्वळ धंदा आहे.

जोतिबाचा डोंगर चढताना छाती जड झाली, डाव्या खांद्यात कळ आली. बसल्यावर थांबली. घड्याळात नाडी ९६, ईसीजीही नॉर्मल. पुढच्या महिन्यात चेकअप आहेच, तोवर थांबू का?
अजिबात नाही. आजच दाखवा.

नाडी म्हणजे फक्त ठोक्यांची संख्या. मोटर किती वेगाने फिरते यावरून उसाच्या शेवटच्या सरीला पाणी पोचलं की नाही हे कळत नाही. तसंच हृदयाच्या स्नायूला रक्त पुरतंय का, हे नाडी सांगत नाही. घड्याळातला ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघतो; दवाखान्यातला बारा लीडचा. घड्याळ ठोक्यांची लय बिघडली आहे का ते पाहतं, हार्ट अटॅक ओळखत नाही. श्रमाने दुखणं आणि विश्रांतीने थांबणं, हे अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या दुखण्याचं, लक्षण असू शकतं, आणि त्यात बसल्या जागी काढलेला दवाखान्यातला ईसीजीसुद्धा नॉर्मल येऊ शकतो. म्हणून पुढच्या तपासण्या डॉक्टरांनी ठरवायच्या असतात.

‘तांबडा रस्सा जास्त झाला, पित्त असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपणारी माणसं मी बघतो, तेव्हा मला राग येतो. मधुमेहींना आणि बायकांना तर कधीकधी छातीत दुखतही नाही. दम लागतो, घाम फुटतो, जबडा किंवा पाठ दुखते. यातलं काही बसूनही थांबलं नाही तर १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवू नका. रक्त बंद झालेला स्नायू मिनिटागणिक मरत जातो. तुम्हाला पुन्हा दुखलं तर हेच करा, आणि तपासणी होईपर्यंत चढ चढू नका.

मुलगा सोळा वर्षांचा, तालमीत जातो. त्याला घेऊ का?
कुस्ती खेळताना हातात घड्याळ नकोच; त्याला लागेल, नाहीतर समोरच्याला. मात्र मेहनत करताना त्याला कधी चक्कर आली असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आखाड्यात उतरण्याआधी त्याला हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.